पुण्यातला फ्लॅट की रत्नागिरीची बाग: तोलायचं नेमकं काय?

गावी परत यावं का, असं मला विचारणारे बहुतेक जण मे महिन्यात विचारतात. माजघरात आंब्याची आढी घातलेली, पडवीत वारा, पोरं दिवसभर समुद्रावर. आणि त्यांच्या डोक्यात शेजारी असतो तो हिंजवडीच्या रस्त्यावर अडकलेला सोमवार. ही तुलना मुळातच लबाड आहे. तोलायचंच तर पुण्यातला रविवार आणि कोकणातला जुलै समोरासमोर ठेवा. वीज गेली की कधी येईल ते महावितरणच्या वायरमनलाही सांगता येत नाही, चादरींना कुबट वास, चपलेवर बुरशी, आणि पाच वाजताच अंधारून येतं. परत आल्यापासून असे सहा पावसाळे काढलेत, म्हणून सांगतो.

आधी पैसा, कारण सगळे त्याबद्दल शेवटी बोलतात. पगार महिन्याच्या महिन्याला येतो. बाग वर्षातून एकदा देते, तेही तिच्या मनात असेल तर. हापूस मुळात एका वर्षाआड भरून येणारा. दहा-दहा मीटरवर लावली तर एकरात साधारण ४० कलमं बसतात, त्यामुळे ‘दोन एकर बाग’ ऐकायला मोठी वाटली तरी झाडं ऐंशीच. थंडी उशिरा पडली की मोहोर उशिरा. मोहोर आला की तुडतुडे आणि फुलकिडे, म्हणजे फवारणीमागून फवारणी. मग राखणदार, आंबे उतरवणारे गडी, पेट्या, वाशीपर्यंतचं भाडं, अडत. एवढं करून २०२१ सारखं तौक्ते वादळ येतं, तेही ऐन मे महिन्यात, झाडावर फळ असताना. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. पण रस्त्यावरच्या गाडीवर कर्नाटकचा आंबा अजूनही ‘देवगड’ म्हणून खपतोच. माझं स्पष्ट मत: गृहकर्जाचा हप्ता डोक्यावर असेल आणि बागेखेरीज दुसरी कमाई नसेल, तर पुढचं वाचू नका. पुण्यातच राहा.

वेळेचा हिशेब वेगळा निघतो. रोजचे दोन तास गाडीत, वर्षाला २४० दिवस. म्हणजे ४८० तास, सरळ वीस दिवसरात्री. गावी ते वाचतात, पण हातात सलग येत नाहीत. कुणी सकाळीच चहाला येऊन बसतो, तलाठी ‘उद्या या’ म्हणतो, पंप बिघडतो. सातबाऱ्यावर चुलत्या-आत्यांची अकरा नावं असतील, तर बरेचसे दिवस तिथेच जातील.

मुलांची शाळा? ती लहान असतील तर गाव चालतं, आठवीच्या पुढे असतील तर त्यांनाच विचारा.

खरा पेच आईबाबांचा. ‘त्यांच्यासाठी गावी जातोय’ म्हणणाऱ्यांनी दवाखान्याचं अंतर आधी मोजावं. रत्नागिरीत २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी अवघड दुखणं निघालं की अजूनही कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते, आणि पावसात आंबा घाटात दरड आली की कोल्हापूरही लांबच. म्हणजे दुखण्याच्या बाबतीत पुणं सरळ पुढे.

तरीही. मी पुण्यात असताना बाबा खळ्यात शेवाळावरून घसरले. मला आठ दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या काकूंनी फोनवर सहज सांगितलं म्हणून. तोवर मनगटाला आंबेहळदीचा लेप लावून ते नारळ सोलत होते. रोज रात्री नऊला आमचा फोन व्हायचा: “काय विशेष?” “काय नाय, बरा आसा.” त्या आठ दिवसांतही झाला होता. दोन वर्षांपूर्वी तसेच पुन्हा घसरले. एक्स-रे पाऊण तासाच्या वाटेवर होता, तोही तसा लांबच. पण त्यांना उठवायला मी होतो, आणि ‘बरा आसा’ म्हणायची सोय राहिली नव्हती. पगाराची आकडेमोड मी त्यानंतरही करतो, नाही असं नाही. फक्त ती आता निर्णय बदलायला पुरत नाही.

तुमच्या घरी उलट असू शकतं. आईवडील हिंडतेफिरते असतील, वाडीत दोन घरं तरी उघडी असतील, तर मधला रस्ता धरा: बाग कराराने द्या, नोकरी ठेवा, कंपनी घरून काम करू देत असेल तर मोहोरापासून हंगाम संपेपर्यंतचे चार महिने गावी या. यात कुठलंच काम पूर्ण होत नाही, बागवालाही फसवू शकतो. पण चूक झाली तर परतता येतं. राजीनामा दिला की तसं सोपं नाही.

राजीनाम्याआधी एकदा सलग तीन आठवडे येऊन राहा. गणपतीत नको, तेव्हा सगळं घर भरलेलं असतं. आषाढात या. लॅपटॉप, रेनकोट आणि सातबाऱ्याचा ताजा उतारा बरोबर आणा.