नायट्रोअरीनच्या क्षपणासाठी लोहाधारित उत्प्रेरक: एक अभिप्राय

सक्रिय कार्बनवर बसवलेला आणि ‘हरित’, म्हणजे पर्यावरणस्नेही, म्हणवला जाणारा हा लोहाधारित उत्प्रेरक हायड्राझीन हायड्रेट या क्षपणकासोबत वापरल्यास नायट्रोअरीनचे (बेंझिनसारख्या वलयावर नायट्रो गट असलेल्या संयुगांचे) ॲनिलीनमध्ये, म्हणजे नायट्रोच्या जागी अमिनो गट असलेल्या संयुगांत, क्षपण (रिडक्शन) स्वच्छपणे होते. त्याचे खरे मोल हॅलोजनयुक्त संयुगांवर कळते, कारण पॅलेडियम हा नेहमीचा धातू-उत्प्रेरक वापरताना क्लोरीन, आणि त्याहून सहज ब्रोमीन किंवा आयोडीन, वलयावरून निघून जाण्याची जी धास्ती असते, ती येथे बरीच कमी होते. १८५४ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बेशां यांनी मांडलेल्या लोह-आम्ल पद्धतीत लोह स्वतःच खर्ची पडते आणि मागे उरलेला ऑक्साइडचा गाळ गाळता गाळता जीव मेटाकुटीस येतो. येथे थोडेसे लोह पुरते. वेग मात्र पॅलेडियमच्या तुलनेत संथ आहे आणि उष्णता द्यावी लागते. माझी मुख्य हरकत हायड्राझीनला आहे, कारण असा विषारी क्षपणक सोबत लागत असताना ‘हरित’ हे विशेषण मला अर्धेच पटते.