वाटणीऐवजी कंपनी: टिळकवाडीतल्या एका ऑफिसची सेवा

उद्यमबागेतली फाउंड्री तीन भावांत तोडता येत नाही. भट्टी एकाला, पॅटर्न दुसऱ्याला, वीजजोडणी तिसऱ्याला गेली की तिघांचंही काम बंद. असा धंदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत घालून मुलांना शेअर्स द्यायचे, हे बेळगावच्या टिळकवाडीतलं एक सीए-वकिलांचं ऑफिस करून देतं.

यात कर वाचतो असं ते भासवत नाहीत, हे चांगलं. एस्टेट ड्यूटी, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा कर, 1985 मध्येच गेली. कंपनी करायची ती धंदा अखंड राहावा म्हणून. शेत आणि राहतं घर बाहेर ठेवा, हा त्यांचा सल्लाही बरोबर आहे. बापाने मुलाला बक्षीसपत्र केलं तर कर्नाटकात मुद्रांक शुल्क नाममात्र. कंपनी मात्र नात्यातली धरत नाहीत. तिथे खरेदीचा दर लागतो: 5 टक्के, त्यावर सेस-अधिभार, शिवाय नोंदणी फी, जी ऑगस्ट 2025 अखेरीस 1 टक्क्यावरून 2 टक्के झाली. चंदगडकडे शेत असेल तर आणखी अडचण, कारण महाराष्ट्राचा कूळकायदा परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन जाऊ देत नाही. सोपी वाट अशी: यंत्रं आणि धंदा कंपनीत, शेड वडिलांच्या नावावर ठेवून कंपनीला भाड्याने, आणि त्या शेडचं मृत्युपत्र वेगळं.

वडिलोपार्जित काही आत घालायचं असेल तर हे लोक आधी वंशावळ मागतात आणि बहिणींच्याही सह्या घेतात. काही घरांना ते झोंबतं. पण 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच वाटेकरी आहे, लग्न झालं असलं तरी. केवळ भावांच्या सहीवर उभी राहिलेली कंपनी कोर्टात अडकू शकते.

खरी ढिलाई नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये आहे. कायद्यातला ‘टेबल एफ’चा छापील नमुना जवळपास जसाच्या तसा लावतात. भाऊबंदकी थांबवणारी कलमं त्यात नाहीत. निदान चार तरी घालून घ्यावीत. शेअर्स विकायचे तर आधी घरातल्यांना विचारायचे. भाव कसा काढायचा ते लिहायचं: दरवर्षी नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून, की ताळेबंदावरून. पैसे किती हप्त्यांत द्यायचे तेही. भावाचं सूत्र नसेल तर पहिल्या हक्काचं कलम कागदावरच राहतं, कारण एक भाऊ पुस्तकी किंमत म्हणतो, दुसरा बाजारभाव. चौथं, दोन भाऊ निम्मे-निम्मे असतील तर कोंडी कशी फोडायची. टेबल एफमध्ये बोर्डाच्या अध्यक्षाला निर्णायक मत आहे. म्हणजे अध्यक्ष थोरला असेल तर धाकट्याचा निम्मा हिस्सा बोर्डात निम्मा उरत नाही.

संचालक दोनच ठेवले तर एक गेल्यावर बोर्डाची गणपूर्तीही होत नाही. सुरुवातीलाच तिसरा घ्या, शक्यतो सून किंवा मुलगी.

नॉमिनेशनबद्दल या ऑफिसच्या काउंटरवर मिळालेली माहिती चुकीची होती. ‘एसएच-13 हा नॉमिनीचा फॉर्म भरला की शेअर्स त्याचेच,’ असं सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलंय की नॉमिनी मालक होत नाही, वारसाहक्क मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच ठरतो. म्हणून मृत्युपत्र आणि एसएच-13 मध्ये नाव एकच असावं. हयातीत शेअर्स द्यायचे तर एसएच-4 हा हस्तांतराचा फॉर्म लागतो, मृत्यूनंतर नाही.

फी विचारताना वार्षिक खर्च वेगळा लिहून घ्या. उलाढाल शून्य असली तरी कंपनीला ऑडिट लागतं. एओसी-4 (हिशेबाचा फॉर्म) वार्षिक सभेनंतर 30 दिवसांत आणि एमजीटी-7ए (वार्षिक विवरणपत्र) 60 दिवसांत गेले नाहीत तर प्रत्येकी रोज 100 रुपये, कमाल मर्यादा नाही. सलग तीन वर्षं विवरणपत्रं चुकली तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. छोट्या दुकानाला हे परवडत नाही. 40 लाखांखाली उलाढाल आणि 25 लाखांपर्यंत भांडवल असेल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी बघा, तिला ऑडिटची सक्ती नाही.

नियमावलीचा मसुदा इंग्रजीत येतो. सहीआधी तो मराठीत वाचून दाखवा म्हटलं तर ते दाखवतात, पण मागितल्याशिवाय नाही. त्या वेळी घरातल्या सगळ्यांना घेऊन जा, माहेरवाशिणींनाही.