'मच अफ्रेड' : गाजलेल्या पदार्पणानंतरचा संयत अल्बम

वसईतल्या चर्चच्या गायकवृंदात गिटार वाजवणाऱ्यांमध्ये जार्स ऑफ क्ले या अमेरिकन बँडचा विषय निघाला, की बोलणे 'फ्लड'पासून सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. सप्टेंबर १९९७ मध्ये आलेल्या त्यांच्या 'मच अफ्रेड' या दुसऱ्या अल्बमचे मोजमापही याच एका गाण्याने होत आले आहे. इलिनॉयमधील ग्रीनव्हिल कॉलेजात एकत्र आलेल्या या तरुणांचा १९९५ चा पहिला अल्बम 'फ्लड'मुळे ख्रिस्ती श्रोत्यांच्या वर्तुळाबाहेरच्या रेडिओवरही पोहोचला होता. त्यामुळे दुसऱ्याकडून तशाच एका दणक्याची अपेक्षा होती, आणि तो बसला नाही ही तक्रार तेव्हापासून चिकटली.

व्यवहाराच्या हिशेबात हा अल्बम पडला असे म्हणता येत नाही. 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या अल्बमच्या मुख्य यादीत तो आठव्या क्रमांकापर्यंत गेला आणि १९९८ मध्ये त्याला समकालीन गॉस्पेल गटातला ग्रॅमी मिळाला. ख्रिस्ती संगीतात एवढे यश अपयश मानले जावे, हे गमतीचेच आहे.

तक्रारीत तथ्य नाही असे मात्र नाही. गायिका अॅनी लेनॉक्सच्या 'दिवा' अल्बमचे निर्माते स्टीफन लिप्सन यांनी या ध्वनिमुद्रणाला जी सफाई दिली, तिच्यात पहिल्या अल्बममधला अकूस्टिक गिटारांचा आणि ड्रम लूपचा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या ध्वनिमुद्रित ठेक्याचा, खडबडीतपणा बराचसा घासला गेला. 'क्रेझी टाइम्स' रेडिओला नजरेसमोर ठेवून बांधल्यासारखे वाटते आणि ऐकून झाल्यावर फारसे उरत नाही. 'फाइव्ह कँडल्स' मुळात 'लायर लायर' या चित्रपटासाठी लिहिले गेले होते. वडिलांची वाट पाहणाऱ्या मुलाची त्यातली कळ खरी वाटते, तरी मांडणी जरा जास्तच गुळगुळीत झाली आहे.

अल्बमचे खरे वजन 'फ्रेल'मध्ये आहे. बँडच्या सुरुवातीच्या डेमोचे, म्हणजे नमुना ध्वनिमुद्रणाचे, नाव या रचनेवरून पडले होते. तेव्हा ती केवळ वाद्यांवर होती, इथे तिला शब्द मिळाले. जवळजवळ सात मिनिटे चालणाऱ्या या गाण्यात गिटारची एकच आकृती पुन्हा पुन्हा येत राहते, तंतुवाद्ये हलकेच पुढे सरकतात आणि बँडचे गायक डॅन हॅजेल्टिन आवाज न चढवता आपल्या दुबळेपणाची कबुली देत जातात. विजयाच्या घोषणांनी भरलेली भक्तिगीते ऐकून कंटाळलेल्यांना हा सूर नवा वाटेल. पण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांच्या अभंगवळणाच्या ख्रिस्ती रचना ज्यांच्या कानांवरून गेल्या आहेत, त्यांना देवापुढची ही लीनता परकी वाटणार नाही. शेवटचे 'हिम' (Hymn, म्हणजे स्तोत्र) त्याच वाटेने जाते. जुन्या स्तोत्रांची भाषा आजच्या चालीत बसवण्याचा तो प्रयत्न पूर्ण जमला आहे.

म्हणूनच समीक्षकांनी या अल्बमला 'फ्लड'चा धाकटा भाऊ मानणे मला पटत नाही. ही अकरा गाणी ओळीने ऐकावीत. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी पाचवे 'फ्रेल' आणि अकरावे 'हिम' ऐकावे, आणि गायकवृंदांनी त्यांतले अकरावे बसवायला घ्यावे. 'फ्रेल'ला मात्र हात लावू नये, कारण ते समूहाने म्हणण्याचे गाणे नाही.