तळमजल्यावरचा फ्लॅट

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तो मुलगा कोण हे चार माणसं लगेच ओळखतील, आणि त्याच्या आईचा यात काही दोष नाही. मुलगा म्हणते कारण तो माझा विद्यार्थी. दुसरीत माझ्या वर्गात होता. आता चाळिशीचा आहे, जागांची दलाली करतो, आणि त्याने आम्हा नवरा-बायकोला साडेअकरा लाखांना बुडवलं. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली बाई, हे एसटीतून. त्यामुळे साडेअकरा लाख म्हणजे आमच्यासाठी काय, हे वेगळं सांगायला नको.

आधी घराचं सांगते, कारण फसण्याची सुरुवात तिथूनच झाली. जांभ्या चिऱ्याचं कौलारू घर. पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, वर माळा, मागे आगर. रस्त्यापासून अंगणापर्यंत पाखाडीच्या बेचाळीस पायऱ्या. माळ्यावर सोळा पाट आहेत आणि जेवायला माणसं दोन. दर आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, कौलं चाळायला माणूस मिळवणं म्हणजे लग्नाला स्थळ मिळवण्याइतकं कठीण, आणि चाळून झाली की आठ दिवसांत वानरं परत नाचून जातात. त्यात 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. निम्मं छप्पर उडालं, आगरातल्या सत्तर पोफळी आणि अकरा माड एका दुपारी आडवे झाले. कित्येक आठवडे वीज नव्हती. पोफळ नवीन लावली तर धरायला सात-आठ वर्षं लागतात. हे त्या पडलेल्या झाडांकडे बघत म्हणाले, "आता लावायची कुणासाठी?" त्यानंतर 2022 च्या पावसात मागच्या दारी शेवाळावरून घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण दोन माणसांनी उचलून बेचाळीस पायऱ्या उतरवावं लागलं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की आता लहान घर.

मुलगी म्हणाली, "आई, पुण्याला या." पुणं आम्हाला नको होतं. दापोलीत एक खोली-स्वयंपाकघर असं काही मिळालं तर दवाखाना, बँक, बाजार सगळं पायाखाली, आणि गाव एसटीने तासाभरावर. ह्यांचं मन होत नव्हतं. वर्षभर आमच्या घरात या एकाच विषयावर अबोला धरणं आणि सोडणं चालू होतं.

आणि अशा वेळी तो आला. पडवीत बसला, मी केलेलं कोकम सरबत प्यायला, म्हणाला, "बाई, तुम्हाला चौथा मजला मी देणारच नाही. लिफ्ट बंद पडली तर काका काय करतील? तळमजल्यावर दोनच फ्लॅट ठेवलेत, खास ज्येष्ठांसाठी. एक तुमच्यासाठी धरून ठेवतो." आमची नड आम्ही बोलायच्या आधी त्याने बोलून दाखवली. तेव्हा वाटलं, किती समजूतदार. आता कळतं की दलालाचं निम्मं काम समोरच्याचे गुडघे बघण्यात होतं.

दापोलीत जाऊन नमुना फ्लॅट बघितला. उंबरठा नाही, फरशी खरखरीत, न्हाणीघरात धरायला स्टीलचा दांडा. ह्यांनी तो दांडा दोन हातांनी धरून हलवून बघितला. जरासुद्धा हलला नाही. वर्षभर नको म्हणणारा माणूस त्या दांड्यापाशी हो म्हणाला. मुलीला दाखवायला मी तिथेच फोटो काढला. हा फोटो लक्षात ठेवा.

किंमत 28 लाख. पत्रकावर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक छापलेला होता. माझा पुतण्या चिपळूणला असतो, त्याला फोन केला. त्याने क्रमांक टाकून बघितला आणि म्हणाला, "काकू, आहे, खरा आहे." झालं, आम्ही निर्धास्त. 2023 च्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे 22 एप्रिलला, टोकन म्हणून 51 हजार रोख दिले. मग 4 लाखांचा चेक. जूनमध्ये आणखी 7 लाखांचा. त्यासाठी आंब्याच्या कलमांचा दहा गुंठ्यांचा तुकडा विकला आणि पोस्टातली ज्येष्ठ नागरिकांची ठेव मोडली. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत मोडली म्हणून दीड टक्का कापला गेला तो वेगळाच.

बदल्यात हातात काय, तर शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलेला, नोटरीचा लाल शिक्का मारलेला एक कागद. शिक्का बघून बरं वाटतं. पण नोटरीने फक्त सह्या कुणाच्या ते पाहिलेलं असतं. तो दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला नसतो, सरकारदरबारी फ्लॅटवर तुमचं नाव कुठेही लागत नाही.

"करारनामा कधी नोंदवायचा?" असं मी विचारत राहिले. जुलैत म्हणाला, अधिक महिना लागलाय बाई, शुभ काम कशाला. खरंच त्या वर्षी अधिक श्रावण होता. मग गणपती. मग पितृपक्ष. दिवाळीत म्हणाला, सर्व्हर बंद आहे. पंचांग आमच्याही घरी आहे, त्यामुळे प्रत्येक कारण खरं वाटत होतं. एकदा हे चिडून म्हणाले, "अगं, नीट दरडावून विचार की त्याला." माझ्याच्याने झालं नाही. रोज चाळीस पोरांच्या वह्या तपासणारी बाई मी, त्या एका पोराचा कागद तपासायची मला लाज वाटली.

जानेवारी 2024 मध्ये न सांगता गेलो. इमारत पुरी झाली होती, वर लोक राहायला आले होते. तळमजल्यावरच्या विटांच्या भिंती पाडलेल्या. खांब तेवढे उभे, आणि मी देवघर कुठे ठेवायचं ते ठरवलं होतं तिथे कुणाची तरी स्कूटर लावलेली. पहारेकऱ्याला विचारलं तर म्हणाला, "आजी, हे पार्किंग आहे. पहिल्यापासून पार्किंगच."

मंजूर नकाशात तळमजल्यावर एकही फ्लॅट नव्हता. रेराचा क्रमांक खरा होता, इमारत खरी होती, फक्त आमचा फ्लॅट कागदावर जन्मलाच नव्हता. जो फ्लॅट नाही त्याचा करारनामा नोंदवणार कसा? म्हणून ते सगळे सण मध्ये येत होते.

पुतण्याला मी दोष देत नाही. आम्ही त्याला क्रमांक बघायला सांगितला, त्याने तो बघितला. पण महारेराच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाच्या मागे प्रकल्पाचं पूर्ण पान असतं. मंजूर नकाशा असतो, किती सदनिका, कोणत्या मजल्यावर, किती विकल्या गेल्या ही माहिती असते, बांधकाम व्यावसायिकाने नेमलेल्या दलालांची नावं असतात. आमचा विद्यार्थी त्या नावांत नव्हता. रेरात दलालालाही स्वतःची नोंदणी लागते, ती त्याच्याकडे नव्हतीच. दहा मिनिटांचं काम होतं. क्रमांक खरा आहे एवढ्यावर थांबू नका, तुमचा फ्लॅट त्या पानावर शोधा.

पुढचं सगळं मला वकीलबाईंकडे बसल्यावर कळलं. रेरा कायदा 2016 चा, आणि त्याचं कलम 13 सांगतं की करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 28 लाखांचे 10 टक्के म्हणजे 2 लाख 80 हजार. आम्ही 11 लाख 51 हजार देऊन बसलो होतो. जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 2015 पासून आयकर कायद्याने बंदी आहे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं टोकनच बेकायदा. आणि सगळ्यात मोठी चूक ही की दोन्ही चेक बिल्डरच्या प्रकल्पाच्या खात्यावर नव्हते. "फर्मचं नाव घाला बाई, मी तिकडे वळवतो," असं तो म्हणाला आणि मी सुवाच्य अक्षरात त्याच्या फर्मचं नाव घातलं. बिल्डर आता म्हणतो, तो माणूस आमचा नाही, पैसे आमच्याकडे आले नाहीत.

इथे तो फोटो कामाला आला. ह्यांनी दांडा धरलाय, मागे खांबावर लाल रंगात लिहिलेला क्रमांक दिसतो आणि भिंतीवर बिल्डरचं कॅलेंडर. त्याच्या इमारतीत, त्याच्या खांबांमध्ये कुणीतरी भिंती घालून नमुना फ्लॅट सजवला आणि त्याला पत्ता नव्हता, हे कोण मानेल? वकीलबाई म्हणाल्या, तुमच्या नोटरीच्या कागदापेक्षा हा फोटो वजनदार आहे.

एक गोष्ट मात्र वाचली. मधल्या काळात तो एक कुलमुखत्यारपत्र घेऊन आला होता. "गावचं घर विकायला तुम्हाला कशाला हेलपाटे, मला अधिकार द्या, चांगलं गिऱ्हाईक आणतो. फ्लॅटची बाकी रक्कम त्यातूनच वळती करू." आम्ही सही करायला तयारही होतो. पण सातबाऱ्यावर मुंबईच्या दोन दिरांची आणि एका नणंदेची नावं. तिघांच्या सह्या एका वेळी मिळणं म्हणजे गणपतीत रेल्वेचं तिकीट मिळण्यासारखं. त्यामुळे ते राहून गेलं. त्या सामायिक सातबाऱ्याला मी जन्मभर नावं ठेवली. घर त्यानेच राखलं.

फेब्रुवारी 2024 मध्ये पोलिसांत 420 ची तक्रार दिली, महारेराकडे 5 हजार रुपये शुल्क भरून वेगळी तक्रार केली. वकिलाची नोटीस गेल्यावर त्याने अडीच लाख परत केले, चेकने. 9 लाख 1 हजार अजून यायचे आहेत. त्यातल्या 51 हजारांना पुरावाच नाही, ते मी सोडूनच दिलेत. पैसे परत करायचा आदेश झाला तर स्टेट बँकेच्या कर्जदराहून 2 टक्के जास्त दराने व्याज मिळतं असं सांगतात. बघू. गावातल्या निम्म्या लोकांना वाटतं की बाईंनी स्वतःच्या विद्यार्थ्यावर पोलीस घालायला नको होते. त्यातल्या दोघांनी त्याच्याकडेच बुकिंग केलं होतं हे मला नंतर समजलं. म्हणूनच हे सगळं लिहितेय.

लहान घराचा विचार सोडलेला नाही. गुडघे काही परत तरुण झाले नाहीत. पण आता विकत घ्यायच्या आधी राहून बघायचं ठरवलं. गेल्या पावसाळ्यात चार महिने दापोलीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मला रुचलं. ह्यांना रात्री गाज ऐकू येत नाही म्हणून झोप लागेना, आठवड्यातून दोनदा एसटीने गावी जाऊन आगर बघून यायचे. दिवाळीला परत आलो, माळा आणि बाळंतिणीची खोली बंद केली आणि बिछाना माजघरात आणला. मागच्या दारी शेवाळाच्या जागी खरखरीत फरशी घातली, न्हाणीत स्टीलचा दांडा बसवला. साडेचारशे रुपयांना आला.

मध्येमध्ये दापोलीत जागा बघायला जातो. मी आधी मंजूर नकाशा मागते. पाचांपैकी दोघांनी दाखवला, बाकीच्यांनी चहा पाजला. आणि हे फ्लॅट बघायला वर येतच नाहीत. खाली उभे राहून विचारतात, "पार्किंग कुठे आहे ते आधी दाखवा."