स्क्वूश: पैठणीचा काठ न बिघडवता फोटो हलका करायचा असेल तर

येवल्याच्या एका पैठणीवाल्या भाऊंची वेबसाइट मी सांभाळते. वेबसाइट म्हणजे निम्म्याहून जास्त साड्यांचे फोटोच. त्यामुळे फोटो कुठल्या फॉरमॅटमध्ये साठवायचा, जुन्या जेपीजीत की नव्या, कमी वजनाच्या वेबपी-एव्हीआयएफमध्ये, हा माझ्या हौसेचा प्रश्न नाही. नेटवर्कची एकच दांडी असलेल्या गिऱ्हाइकासमोर पदर उलगडतो की गोल चक्र फिरत बसतं, ते यावर ठरतं. हा निवाडा मी स्क्वूशवर करते, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर.

स्क्वूश हे गुगलच्या क्रोमवाल्यांनी 2018 मध्ये आणलेलं, ब्राउझरमध्येच चालणारं साधन. पैसे नाहीत, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. फोटो ओढून टाकला की मधोमध उभी पट्टी येते. डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे दाबून लहान केलेला. पट्टी सरकवायची आणि बघायचं. कोपऱ्यात नवीन वजन आणि किती टक्के उतरलं ते दिसतं. डाव्या बाजूलाही दुसरा फॉरमॅट लावता येतो, म्हणजे वेबपी विरुद्ध एव्हीआयएफ अशी सरळ कुस्ती. फोटो कुठल्याही सर्व्हरवर जात नाही, सगळं काम आपल्याच मशिनवर होतं. शिवाय फोनने फोटोला चिकटवलेली जागा-वेळेची माहिती बाहेर पडणाऱ्या फाइलमध्ये उरत नाही. विणकरांच्या घरी जाऊन काढलेल्या फोटोंसाठी मला हे फार सोयीचं वाटतं.

खरी गंमत काठावर आहे. भाऊंनी एकदा फोन करून विचारलं, “ताई, काठाचा हिरवा अंगाच्या लालात उतरल्यासारखा दिसतोय. गिऱ्हाईक म्हणेल रंग जातो साडीचा!” बोलणं चुकीचं नव्हतं. आपल्या डोळ्याला उजेड-अंधाराचा फरक बारीक कळतो, रंगाचा तितका कळत नाही. याचा फायदा घेऊन बहुतेक फॉरमॅट उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात आणि रंगाची मात्र चार पिक्सेलांत मिळून एक. डोंगर, समुद्र, लग्नातली पंगत, कशातच ते लक्षात येत नाही. पण लाल अंगाला लागून हिरवा काठ आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ असली, की रंग त्या रेघेवरून सांडतो. मुनिया काठातल्या पोपटाची चोच तर पार धूसर होते.

इथे वेबपीचा नाइलाज आहे. नेहमीच्या, म्हणजे थोडी माहिती टाकून देणाऱ्या वेबपीत रंग असा चौघांत एक वाटलेलाच असतो, ते बंद करता येत नाही. स्क्वूशच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘शार्प आरजीबी टू वाययूव्ही’ अशी एक खूण आहे, ती केली की कडा बऱ्यापैकी सावरतात, पण पूर्ण नाही. उलट 1992 सालचं म्हातारं जेपीजी इथे मोकळं आहे. मोझजेपेग (स्क्वूशमधला जेपीजी बनवणारा पर्याय) निवडायचं, ‘ऑटो सबसॅम्पल क्रोमा’ची (क्रोमा म्हणजे रंगाची माहिती) खूण काढायची आणि खालचा आकडा 2 वरून 1 वर आणायचा. काठ लगेच जागेवर येतो. फाइल थोडी फुगते, फुगू दे. एव्हीआयएफमध्ये हेच 4:4:4, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा ठेवणारा पर्याय, निवडून होतं, आणि तेही बहुतेक वेळा जेपीजीपेक्षा कमी वजनात.

मग सगळं एव्हीआयएफ का नाही? कारण जरीची वीण. एव्हीआयएफला जरा जास्त दाबलं की ते बारीक पोत गुळगुळीत करून टाकतं. आकाश त्यामुळे सुंदर दिसतं, जरीचा पदर मात्र प्लास्टिकच्या पिशवीसारखा. भाऊंच्या साडीची किंमत ज्या विणीमुळे आहे तीच दिसेनाशी होते. म्हणून पदराच्या जवळून काढलेल्या फोटोंना मी एव्हीआयएफची क्वालिटी बरीच वर ठेवते, आणि यादीतल्या छोट्या फोटोंना बिनधास्त खाली आणते. एक लक्षात ठेवा, क्वालिटीचा आकडा सगळ्या फॉरमॅटांत एकच नसतो. जेपीजीतला 75 आणि एव्हीआयएफमधला 75 यांचा एकमेकांशी संबंध नाही. पट्टी सरकवून डोळ्यांनी बघणं हाच उपाय, आणि स्क्वूश त्यासाठीच हवं.

फॉरमॅटवर वाद घालण्याआधी ‘रिसाइझ’ला हात लावा, हे मात्र सगळ्यांना सांगते. फोनचा फोटो साधारण 4000 पिक्सेल रुंद येतो. मोबाइलच्या पडद्यासाठी तो 1600 वर आणला की पिक्सेलच सहाव्या हिश्श्यावर येतात. कुठलाही नवा फॉरमॅट एवढं एका फटक्यात देत नाही.

बाकीचं पटकन. लोगो एसव्हीजीत (पिक्सेलांऐवजी रेघा-आकारांत साठवणारा फॉरमॅट) ठेवा, स्क्वूशचा तिथे संबंध नाही. दरपत्रक, मापांचा तक्ता, अक्षरं असलेलं काहीही पीएनजीत (काहीच टाकून न देणारा, म्हणून फोटोंसाठी जड फॉरमॅट). ‘रिड्यूस पॅलेट’ करून रंग कमी केले आणि ऑक्सिपीएनजी या स्क्वूशमधल्या पीएनजीच्या पर्यायातून काढलं की ते चांगलंच हलकं होतं. साडीचा फोटो पीएनजीत चढवणाऱ्यांना मात्र माझा हात जोडून नमस्कार. हातमाग चालतानाची हलती जिफ करायची असेल तर ते इथे होत नाही, आणि करूही नये. जिफमध्ये जास्तीत जास्त 256 रंग. छोटा एमपी4 लावा.

ब्राउझरांची भीती आता फारशी उरलेली नाही. वेबपी सफारीत 2020 मध्ये आलं, एव्हीआयएफ क्रोममध्ये 2020 ला, फायरफॉक्समध्ये 2021 ला आणि सफारीत 2022 ला. तरी जुने आयफोन वापरणाऱ्या आत्या-मावश्या असतातच, म्हणून वेबपानाच्या कोडमधल्या पिक्चर टॅगमध्ये आधी एव्हीआयएफ, मग वेबपी, शेवटी जेपीजी असं लिहिते. ज्या ब्राउझरला जे कळतं ते तो उचलतो. मूळ जेपीजी जपून ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे फ्लेक्सवाला. भाऊंना दिवाळीत तोच फोटो चौकातल्या बोर्डावर हवा असतो, आणि फोटोशॉपमध्ये वेबपी थेट उघडायची सोय 2022 मध्ये आली. फ्लेक्सवाल्याच्या दुकानातलं फोटोशॉप त्याच्या किती तरी आधीचं असतं.

उणिवा आहेत. एका वेळी एकच फोटो. नवा माल आला की शेकड्याने फोटो येतात, तेव्हा हे घेऊन बसलं तर संक्रांत उजाडेल. एके काळी कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, ढीगभर फोटो काढायची सोय होती, ती त्यांनी सांभाळायचं सोडून दिलं. एव्हीआयएफचा ‘एफर्ट’ (किती मेहनतीने दाबायचं तो आकडा) वाढवला तर साधा लॅपटॉप बराच वेळ धापा टाकतो. मराठीत काही नाही, सगळे पर्याय इंग्रजीत, आणि ‘क्रोमा’ म्हणजे काय हे कुठेही समजावलेलं नाही. आयफोनचे एचइआयसी फोटो क्रोममध्ये स्क्वूशला उघडत नाहीत. ते आधी जेपीजी करून घ्यावे लागतात, किंवा फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ लावायचं.

माझी पद्धत अशी पडली आहे: प्रत्येक प्रकारचा एकेक नमुना, म्हणजे एक काठ, एक पदर, एक नेसलेली साडी, स्क्वूशमध्ये घालून आकडे ठरवायचे आणि उरलेला ढीग तेच आकडे देऊन इमेजमॅजिक या ढीगभर फोटो एकदम बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून काढायचा. दोन्हीकडचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, तेव्हा दोन-चार फोटो उघडून पाहते. पाचपैकी चार तारे. पाचवा तारा ढीगभर फोटो एकदम घेईल तेव्हा.