ऑफिससाठी नेटवर्क लेझर प्रिंटर: एकसंध कार्ट्रिज की वेगळा ड्रम?

चार-पाच कॉम्प्युटर, महिन्याला दोन-तीन हजार पानं, आणि वीस तारखेला जीएसटीच्या गर्दीत अडून चालणार नाही असं काम. करसल्लागार, वकील, छोटा कारखाना, सोसायट्यांची कामं बघणारे, यांची गरज साधारण एवढीच असते. त्या मापाचे दोन प्रिंटर इथे समोरासमोर ठेवतो: एचपी लेझरजेट प्रो एम४०४डीएन आणि ब्रदर एचएल-एल५१००डीएन. दुकानात आता यांच्या जागी अनुक्रमे ४००४डीएन आणि एल५२१०डीएन दाखवतील. स्वभाव बहुतांशी तोच, फरक आहे तिथे सांगतोच.

एचपी १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० अजून चालू असेल तर मोडीत काढू नका, आडवेळेला ठेवा. पण ते नेटवर्कचे गडी नाहीत. पान रचायचं काम त्यांच्यासाठी कॉम्प्युटर करतो, त्यामुळे ज्या मशीनला वायर लावली ती बंद असली की सगळं ऑफिस अडतं. त्यात सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटपासून शेअर केलेल्या प्रिंटरवर ‘११बी’चा एरर यायला लागला, तो अनेक ठिकाणी अजून डोकं खातो. तेव्हा लॅनची वायर थेट प्रिंटरला. वायफायच्या मॉडेलला जास्तीचे पैसे देण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. प्रिंटर जागचा हलत नाही.

खरा फरक आतल्या सुट्या भागांत आहे. एचपीत टोनर (शाईची भुकटी) आणि ड्रम (ती भुकटी उचलून कागदावर उतरवणारा फिरता रूळ) एकाच कार्ट्रिजमध्ये असतात. ७६ए कार्ट्रिज टाकली की नवा ड्रम, नवा वायपर ब्लेड (ड्रम पुसणारी पट्टी), सगळं नवं, कंपनीच्या हिशोबाने ३,००० पानं (७६एक्सला १०,०००). ब्रदरमध्ये टोनर वेगळा आणि ड्रम वेगळा. टीएन-३४४८ टोनर ८,००० पानांचा. ड्रमचं आयुष्य मात्र कामाच्या पद्धतीवर आहे: एकेक पानाची कामं असतील तर सुमारे ३०,००० पानं, एका वेळी तीन-तीन पानं गेली तर सुमारे ५०,०००. कारण प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर ड्रम रिकामा फिरतो. एकेक चलन, एकेक पावती छापणाऱ्या ऑफिसने ३०,००० हाच आकडा धरावा.

ओरिजिनल टोनरच वापरणार असाल तर एचपीची पद्धत सुटसुटीत आहे. कार्ट्रिज बदलली की छपाई पुन्हा नव्यासारखी. पण आपल्याकडे रिफिलवाला येतो, हे गृहीत धरूनच हिशोब करायला हवा. एकसंध कार्ट्रिज भरताना वापरून उरलेल्या टोनरचा कप्पा रिकामा करावाच लागतो. घाईत तो राहिला की पानावर काळे ठिपके पडतात आणि ट्रेमध्ये भुकटी सांडते. दोन-तीन भरण्यांनंतर कडेला उभी काळी रेघ येते, तेव्हा ड्रम आणि वायपर ब्लेड बदलायला सांगा, नुसता टोनर ओतून ती जात नाही. ब्रदरमध्ये असा कप्पा नाही, उरलेली भुकटी परत टोनरमध्येच जाते. म्हणून जुना टोनर न काढता वरून भरला तर पानाची पार्श्वभूमी करडी पडते. दोघांचेही हे दोष रिफिलवाल्याच्या हातावर आहेत, प्रिंटरवर नाहीत.

माझ्यासाठी निर्णय झाला तो चिपवर. एम४०४च्या कार्ट्रिजला चिप असते आणि एचपीचं ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ हे धोरण कंपनीने उघड जाहीर केलेलं आहे: एचपीची नसलेली चिप असेल तर छपाई अडवली जाऊ शकते, आणि फर्मवेअरच्या (प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून ही अडवणूक ताजी ठेवली जाते. यातली मेख अशी की एचपीची मूळ चिप तशीच ठेवून भरलेली कार्ट्रिज चालते, फक्त टोनर ‘व्हेरी लो’ दिसत राहतो. ते आकडे बरे दिसावेत म्हणून रिफिलवाला चांगल्या मनाने दुसरी चिप चिकटवतो. पुढे अपडेट येतं आणि काल छापणारी कार्ट्रिज आज नाकारली जाते. टोनर भरलेला, ड्रम ठीक, आणि पान काही निघत नाही! यूएसबीवरच्या जुन्या प्रिंटरला हा रोग नव्हता. ज्या वायरसाठी आपण नेटवर्क प्रिंटर घेतला, त्याच वायरीतून अपडेट आत येतं.

एम४०४ आधीच घेतला असेल तर उपाय आहे. ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकून त्याचं पान उघडा. ऑटो अपडेट बंद करा. ‘कार्ट्रिज प्रोटेक्शन’ चालू असेल तर तेही बंद, कारण ते चालू असताना टाकलेली ओरिजिनल कार्ट्रिज कायमची त्याच प्रिंटरची होते, दुसऱ्यात चालत नाही. मग आयपी हाताने द्या आणि गेटवेचा (बाहेर इंटरनेटकडे जायच्या वाटेचा) रकाना रिकामा ठेवा किंवा शून्यं भरा. ऑफिसातली छपाई चालू राहते, प्रिंटर इंटरनेटवर मात्र जात नाही. रिफिलवाल्याला बजावून सांगा, चिपला हात लावायचा नाही.

एल५१००डीएनच्या टोनरला चिप नाही. पानांचा हिशोब कडेच्या एका छोट्या चक्रावर चालतो, भरताना ते चक्र जागेवर आणलं की झालं. ब्रदरच्या नव्या मॉडेलांत मात्र चिप आली आहे, एल५२१०डीएनमध्येही. तेव्हा नाव बघून डोळे मिटून घेऊ नका. ‘या टोनरला चिप आहे का, आणि रिफिल केलेला कुठे चालू आहे ते दाखवा,’ असं विक्रेत्याला सरळ विचारा. एल५१००चा चांगला साठ्यातला किंवा कमी वापरलेला नग मिळाला तर मी तरी तोच उचलेन.

ब्रदरची कटकटही सांगायला हवी. ड्रम युनिटमध्ये कोरोनाची (ड्रमला विद्युतभार देणारी) बारीक तार असते, तिच्यावर धूळ बसली की पानभर उभी रेघ येते. ड्रमवरची छोटी रंगीत खिटी डावीकडून उजवीकडे पाच-सहा वेळा सरकवायची आणि बाणाच्या खुणेवर परत आणून ठेवायची. मधेच सोडली तर नवीन काळा पट्टा येतो आणि लोक ड्रमच बिघडला म्हणून फेकतात. ठरावीक अंतराने तोच डाग दिसत असेल तर पट्टीने मोजा: ९४ मिलिमीटरला येत असेल तर दोष एल५१००च्या ड्रमचा. एम४०४मध्ये हे अंतर ७५ मिलिमीटर. शिवाय ब्रदरच्या ड्रमची किंमत एकदम अंगावर येते, ती पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. सुट्या भागांत एचपी पुढे आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर त्याची फ्यूझर फिल्म (फ्यूझर म्हणजे टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग), कागद ओढणारा पिकअप रोलर चटकन मिळतात, आणि दुरुस्त करणारा तालुक्याच्या गावीही सापडतो.

एचपीची ती फिल्म नाजूक असते. पाठकोरे कागद वापरायची आपल्याकडे फार हौस, पण त्यात राहिलेली एक स्टेपल पिन फिल्म फाडते आणि मग दर थोड्या अंतरावर खूण उमटत राहते. पाठकोरे कागद वापरायचेच तर ते जुन्या १०२०ला द्या.

स्टॅम्प पेपरवर छापणाऱ्यांनी एक गोष्ट दुकानातच बघावी: कागद न वळता सरळ बाहेर निघतो का. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात बऱ्याचशा दस्तांना शंभरच्या जागी पाचशेचा स्टॅम्प लागतो, तो रोलरमध्ये चुरगळला की नुकसान पाचपट. एल५१००मध्ये स्टॅम्प पेपर मल्टिपर्पज ट्रेमधून घालून मागचं झाकण उघडं ठेवलं की कागद वळसा न घेता सरळ मागे निघतो. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार ‘थिक’, दोन्ही बाजूंची छपाई बंद. पावसाळ्यात कोकणात रिमचं वेष्टन फोडून ठेवू नका, आणि कागद तरीही वळत असतील तर ब्रदरच्या ड्रायव्हरमध्ये ‘रिड्यूस पेपर कर्ल’ आहे.

दोघांतला कोणताही घेतलात तरी जोडणी नीट करा. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी राखून ठेवा (एम४०४ला वर सांगितल्यासारखा हाताने दिला असेल तर तोच). विंडोज आपणहून डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटर आपोआप शोधून केलेली जोडणी) बनवतं, ते काढून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्ट घ्या, क्रमांक ९१००. प्रिंटर चालू असून ‘ऑफलाइन’ दिसत असेल तर त्याच पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरची स्थिती विचारण्याच्या सोयीची) खूण काढा. प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये, यूपीएसवर कधीच नाही. फ्यूझर तापताना इतका करंट ओढतो की ६०० व्हीएचा यूपीएस बोंबलतो आणि सोबतचा कॉम्प्युटरही बंद पाडतो.