फोटोवाले बूट, बिनफोटोचे बूट आणि आमचं मुरमाचं मैदान

मुलगी नववीत आहे, शाळेच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूने खेळते. मागच्या हिवाळ्यात आमच्या केळीच्या कांदेबागाची कटाई आटोपली त्या आठवड्यात तिला जळगावहून स्टडचे, म्हणजे तळाला टोकं असलेले, बूट घेऊन दिले. चारच महिन्यांत दुसरा जोड घ्यावा लागला. दोन्ही जोडांबद्दल नीट लिहितो, कारण रावेर, यावल, सावदा, फैजपूर भागातल्या आईवडिलांना आपल्या मैदानासाठी कोणते बूट घ्यावेत हे सांगणारं कोणी भेटत नाही. कंपन्यांची नावं लिहीत नाही.

पहिला जोड ४,२९९ रुपयांचा. खोक्यावर एका जगप्रसिद्ध खेळाडूचा मोठा फोटो आणि टाचेवर त्याची सही छापलेली. मुलीने दुकानात दुसऱ्या कशाला हात लावला नाही. बूट दिसायला देखणा, हातात घेतला तर पिसासारखा हलका. खाली कडक प्लॅस्टिकचा तळ आणि त्याला पात्यासारखे निमुळते, उंच स्टड. दुकानदारांनी प्रामाणिकपणे विचारलं होतं, "काका, हे एफजी आहेत, हिरवळीवरचे. तुमच्याकडे मैदानाला गवत आहे ना?" मला श्रावणातलं मैदान आठवलं आणि मी हो म्हणालो. चूक तिथेच झाली.

आमच्या शाळेमागचं मैदान म्हणजे मुरूम टाकून रोलर फिरवलेली जागा. पावसाळ्यात कडेला थोडं गवत उगवतं, दिवाळीनंतर सगळं फरशीसारखं टणक होतं. हिरवळीत स्टड जमिनीत रुततात, म्हणून पाय धरून राहतो. इथे ते रुततच नाहीत. पोरीचा सगळा भार त्या दहा-बारा टोकांवर यायचा. पहिल्याच आठवड्यात तिने मोजा काढून पाय दाखवला. चवड्यावर दोन लाल गोल उमटले होते, रुपयाच्या नाण्याएवढे, बरोबर आतून स्टड येतात त्या जागी. वळताना पाय सटकायचा तो वेगळाच. खेळाचे सर म्हणाले, "भाऊ, हे असेच वापरले तर एक दिवस घोटा जाईल." तिने तरी मार्चपर्यंत ते वापरले, कारण टाचेवर ती सही होती.

एप्रिलमध्ये बूट दुपारभर स्कूटीच्या डिकीत राहिले. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन काय असतं ते खान्देशात राहणाऱ्याला सांगायला नको. संध्याकाळी काढले तर उजव्या बुटाचा तळ पुढून सुटलेला, गोंद तारेसारखा लोंबत होता. दुकानात नेला नाही. डिकीत ठेवण्याची चूक आमची होती.

सावद्याच्या बाजारात बसणाऱ्या मोचीदादांकडे नेला. त्यांनी आधी जुना गोंद पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढला, नवा लावला, दहा मिनिटं उन्हात ठेवला, मग आरीने तळाच्या कडेने एकेक भोक पाडत नायलॉनचा दोरा दोन्ही बाजूंनी ओवत गेले. प्रत्येक टाक्याला दोरा मुठीला गुंडाळून खेचायचे, त्यामुळे करंगळीच्या खाली दोऱ्याची खोल खूण पडलेली दिसली. पाऊण तास काम चाललं. पैसे घेतले ८० रुपये. ती शिवण आजही हललेली नाही. बुटात बाकी काय टिकलं असेल नसेल, ते टाके मात्र पुढच्या हंगामातही राहतील.

दुसरा जोड त्याच दुकानातून, १,१५० रुपये. खोक्यावर फोटो नाही, टाचेवर सही नाही. याला टीएफ म्हणजे टर्फ बूट म्हणतात, टणक जमिनीवरचे. तळ रबराचा आणि खाली वाटाण्याएवढे बुटके गठ्ठे, पन्नास-साठ तरी असतील, त्यामुळे भार सगळीकडे सारखा पसरतो. वजनाला पहिल्यापेक्षा थोडा जड आहे. पुढचा भाग कडक होता, नरम पडायला पंधरा दिवस लागले. तळाच्या कडेने कारखान्यातलीच शिवण आहे. मी विकत घेताना तेवढंच पाहिलं. लाल गोल पुन्हा उमटले नाहीत. सहा महिने रोजचा सराव आणि दोन तालुका स्पर्धा झाल्यावर अंगठ्याखालचे गठ्ठे निम्मे झिजलेत, बाकी बूट धड आहे. आपल्या मैदानाला हेच घ्या.

आता त्या फोटोबद्दल. बूट घरी आले त्या संध्याकाळी माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, खोकं हातात घेऊन ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, या लोकांत सगळ्यात जास्त कोण कमावतो? मी रोनाल्डोचं नाव सांगितलं. फोर्ब्स या अमेरिकी मासिकाच्या २०२५ च्या यादीप्रमाणे त्याची वर्षाची कमाई २७ कोटी ५० लाख डॉलर, म्हणजे सव्वादोन हजार कोटी रुपयांच्या वर. नाना म्हणाले, "चेंडूले लाथ मारायचे? त्याले एवढे पैसे कायचे देता?" शेजारचे दोघे-तिघे बसलेले होते, त्यांचंही तेच मत. एवढ्या पैशात किती दवाखाने होतील, असं एकजण म्हणाला.

माझं मत वेगळं आहे आणि ते केळीवाल्याचं मत आहे. त्या आठवड्यात माझ्या मालाला क्विंटलला साडेनऊशे मिळाले होते, किलोला साडेनऊ रुपये. पुण्यात माझी बहीण तीच केळी ६० रुपये डझनाने घेते आणि डझन म्हणजे दोन किलोच्या आसपास. मधले पैसे कटाई, पॅकिंग, ट्रक, पिकवणी केंद्र, व्यापारी, हातगाडी असे वाटले जातात आणि पिकवणारा रांगेत शेवटी उभा असतो. जाहीर भाव एक आणि बांधावर मिळणारा भाव दुसरा, हे मी मालाचा ट्रक भरून तयार असताना अनेकदा ऐकलंय. माल कापलेला असतो, नाही म्हणता येत नाही.

इंग्लंडमधल्या फुटबॉलपटूंची १९६१ पर्यंत अगदी हीच गत होती. मैदानं तुडुंब भरायची, तिकिटाचा पैसा क्लबांकडे जायचा आणि खेळाडूच्या पगाराला वरून टोपी घातलेली होती. आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड. कितीही मोठा खेळाडू असो, पगार त्याच्या वर जायचा नाही. सगळ्या घेणाऱ्यांनी मिळून भाव बांधून टाकलेला. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष असलेल्या जिमी हिल नावाच्या खेळाडूने लढा उभारला, संपाची तयारी झाली आणि जानेवारी १९६१ मध्ये ती मर्यादा उठली. मग फुलहॅम क्लबच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळाले. तेवढे मिळालेला तो पहिलाच. हे सांगितल्यावर नाना सरसावून बसले. भाव बांधून घेणारे व्यापारी त्यांनी साठ वर्षं पाहिलेत.

पण तेवढ्याने भागलं नव्हतं. करार संपला तरी खेळाडू क्लबच्याच दावणीला असायचा. दुसरीकडे जायचं तर नव्या क्लबने जुन्याला पैसे मोजायचे, नाहीतर बसून राहा. बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमन नावाचा साधा खेळाडू होता. १९९० मध्ये त्याचा करार संपला, फ्रान्समधला एक क्लब घ्यायला तयार होता, जुना क्लब सोडेना. तो कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला की करार संपला की युरोपीय संघातला खेळाडू मोकळा, त्याच्यासाठी कोणाला काही द्यायचं नाही. आज ज्या आकड्यांनी आपले डोळे पांढरे होतात त्यांच्या पायाशी हा एक निकाल आहे. बोसमनला स्वतःला त्यातून श्रीमंती मिळाली नाही, पुढे त्याचे दिवस फार वाईट गेले. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. बांध फोडणाऱ्याच्या शेतात पाणी येतंच असं नाही.

म्हणून मला त्यांच्या पगाराचा राग येत नाही. पैसा तर गोळा होणारच आहे. एकट्या प्रीमियर लीगचे, म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल स्पर्धेचे, देशातले टीव्हीचे हक्क २०२५ पासूनच्या चार हंगामांसाठी ६७० कोटी पौंडांना विकले गेलेत. लोक जो खेळ पाहायला बसतात तो खेळणाऱ्याला त्यातला मोठा वाटा मिळाला नाही, तर तो पैसा दवाखान्याला जाणार नाही, क्लबच्या मालकाच्या खिशात राहील. जगात एक धंदा असा निघाला की घाम गाळणारा समोर बसून भाव ठरवतो. त्याचं पीकही आपल्यासारखंच वाऱ्यावर असतं. पंधरा वर्षं मेहनत करून उभं राहायचं, दहा-बारा वर्षं घड द्यायचा आणि गुडघा गेला की जूनच्या वादळात बाग आडवी होते तसं अर्ध्या तासात संपायचं. जे वर पोचले नाहीत अशा हजारो पोरांना तर काहीच मिळत नाही.

सेनेगलचा फुटबॉलपटू सादिओ माने याने आपल्या बंबाली गावात शाळा आणि दवाखाना बांधला, हे चांगलंच आहे. पण दान केलं म्हणून तो पगाराला लायक ठरतो असं मी म्हणत नाही. घामाचा भाव मिळायला दानाची अट नको.

रोनाल्डोच्या बाबतीत मात्र माझा हिशेब पूर्ण जुळत नाही, तेही लिहितो. तो सौदीच्या अल नासर क्लबकडून खेळतो आणि त्या क्लबचा मोठा मालक तिथला सरकारी निधी आहे. तिथला पैसा तिकिटातून आणि टीव्हीतून वर आलेला नाही, तेलातून खाली सोडलेला आहे. बाजारात दहा घेणारे बोली लावून भाव चढवतात तो भाव वेगळा, एका धनवानाने हौसेने मोजलेला वेगळा. पहिल्यासाठी मी कोणाशीही वाद घालीन, दुसऱ्यासाठी नाही.

आणि बुटावरच्या फोटोचं तर तिसरंच. त्या खेळाडूने मैदानावर जे मिळवलं ते त्याचं. पण माझ्या ४,२९९ रुपयांत त्याचा खेळ नव्हता, त्याची सही होती आणि त्या सहीने माझ्या पोरीच्या पायाला लाल गोल आणले. मुलांच्या वस्तूवर नाव लावताना ती वस्तू कुठल्या जमिनीवर चालेल हे खोक्यावर तेवढ्याच मोठ्या अक्षरात मराठीत, हिंदीत लिहायला हवं. आमच्या खोक्यावर एफजी ही दोन अक्षरं चिकटपट्टीवर, बोटाच्या पेराएवढ्या जागेत होती.

एक नियम मला फार आवडला, तो केळीलाही लागू व्हावा असं वाटतं. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ व्या वर्षांपर्यंत ज्या ज्या क्लबांनी शिकवलं त्यांना वाटायचे. ब्राझीलचा खेळाडू नेमार २०१७ मध्ये बार्सिलोनाच्या क्लबमधून पॅरिसच्या क्लबकडे गेला तेव्हा रक्कम २२ कोटी २० लाख युरो होती. त्याचे पाच टक्के म्हणजे किती, हे मी पोरीला पाटीवर करायला लावलं. पण हा वाटा क्लबला मिळतो, शिकवणाऱ्या माणसाला नाही. आमचे खेळाचे सर सकाळी साडेसहाला मैदानावर उभे असतात. शाळा साडेदहाची आहे. त्या चार तासांचे त्यांना कोणी काही देत नाही, चुन्याच्या रेषासुद्धा ते स्वतःच्या पैशाने मारतात. खेळाडूंच्या कमाईवर बोलणाऱ्यांनी या माणसाच्या कमाईवर बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

मुलींचं तर विचारूच नका. जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता सामने जिंकून तिथे पोचायची ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल पश्चिम बंगालच्या संगीता बासफोरचे. माझ्या पोरीने तो निकाल वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. त्या दिवशी आमच्या चौकात एकालाही ही बातमी माहीत नव्हती. संगीताच्या फोटोचं खोकं आलं तर मी ते विकत घेईन, फक्त आत टीएफ असू द्या.

दुकानाबद्दल राहिलंच. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा दुकानदारांनी पहिला अनुभव ऐकून घेतला, मग पोरीला जाड मोजे घालून बूट चढवायला लावले, अंगठ्यापुढे आपलं बोट दाबून पाहिलं, टाच उचलून चालायला सांगितलं. एक नंबर मोठा घ्यावा असा माझा आग्रह होता, वाढतं वय म्हणून. त्यांनी ठाम नाही म्हटलं. सैल बुटात नख काळं पडतं. त्यांचं ऐकलं ते बरं झालं. मुलांना घेऊन जाणार असाल तर संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा फुगतो, माप तेव्हाच खरं निघतं. आणि खेळताना घालते तेच मोजे बरोबर न्या.

ते शिवलेले फोटोवाले बूट आम्ही विकले नाहीत. सरांच्या ओळखीने फैजपूरच्या एका मुलीला दिलेत. ती भुसावळला हिरवळीच्या मैदानावर सराव करते आणि तिथे ते उत्तम चालतात, असा तिचा निरोप आलाय.